आटपाट नगरातील सूर्यदेवी : आदित्यराणूबाईची कहाणी आणि तिचे श्रोते

महत्त्वाच्या संज्ञा : कहाणी, वसा, आदित्यराणूबाई, सूर्यपत्नी, श्रोता, कानबाई, लोकसाहित्य संकलन

प्रस्तावना

सूर्य हा पुरुषदेव, ही भारतीय धर्मपरंपरेतील रूढ मांडणी आहे. संध्यावंदनातील अर्घ्य, सूर्यनमस्कार, रथसप्तमीचे पूजन या सर्व उपासनांत सूर्यनारायणाचेच आवाहन केले जाते. त्यामुळे ‘सूर्यदेवी’ असा शब्द उच्चारला, की अभ्यासकाला जपानमधील अमातेरासू आठवते आणि तरुण विद्यार्थ्याला एखाद्या कल्पितकथेतील किंवा संगणकीय खेळातील तेजस्विनी सम्राज्ञी. अशा कल्पित विश्वांत सूर्यदेवीला भव्य मंदिर असते, पुरोहितवर्ग असतो, प्रसंगी सैन्यही असते. मराठी घरांत श्रावणातील रविवारी जिची कहाणी वाचली जाते, त्या आदित्यराणूबाईपाशी यांपैकी काहीही नाही. तिला विड्याच्या पानाएवढी जागा पुरते.

आदित्यराणूबाईचे विश्वही कल्पितच आहे. ते आटपाट नगरात घडते आणि आटपाट नगर कोणत्याही नकाशावर सापडत नाही. या कल्पित नगरातील देवी कोण, तिचे उपासक कोण आणि त्या दोहोंना जोडणारा दुवा कोणता, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा दुवा म्हणजे कहाणी सांगणे व ऐकणे हा व्यवहार होय, आणि त्यामुळे श्रोता हा या उपासनेचा अनिवार्य घटक ठरतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. आटपाट नगराची रचना

श्रावणातील बहुतेक कहाण्या आटपाट नगरात सुरू होतात. या नगराला राजा असतो, परंतु त्याचे नाव नसते. दरिद्री ब्राह्मण असतो, त्याचेही नाव नसते. नगराबाहेर रान असते आणि त्या रानात नागकन्या व देवकन्या वसा वसत असतात. मनुष्य व देवता यांच्यामधील सीमा येथे नगराच्या वेशीइतकी जवळ आहे. देवतांचे ज्ञान शास्त्रग्रंथातून येत नाही. रानात समिधा-पत्री आणायला गेलेल्या माणसाला ते वाटेत भेटते.

मात्र हे ज्ञान विनाअट मिळत नाही. ब्राह्मणाने वशाविषयी विचारताच, तू तो घेऊन उन्मत्त होशील, अशी शंका त्या कन्या व्यक्त करतात. आपण तसे करणार नाही, असे वचन त्याने दिल्यावरच विधी सांगितला जातो. समृद्धी आल्यानंतर माणसाला इतरांचे ऐकण्याची गरज वाटेनाशी होते, ही या विश्वातील मूळ भीती आहे. पुढील सर्व कथानक या शंकेचाच विस्तार आहे.

२. देवीचे नाव आणि पुराणपरंपरा

‘राणू’ हे नाव ‘राणी’ या शब्दाशी आणि त्याद्वारे संस्कृत ‘राज्ञी’ या शब्दाशी जोडता येते. मत्स्यपुराणात संज्ञा, राज्ञी व प्रभा अशा सूर्याच्या तीन पत्नी सांगितल्या आहेत. भविष्यपुराणात राज्ञी व निक्षुभा ही जोडी येते. यांपैकी सर्वपरिचित कथा संज्ञेची आहे. विश्वकर्म्याच्या या कन्येला पतीचे तेज सहन झाले नाही. आपल्या जागी छाया ठेवून ती निघून गेली व घोडीच्या रूपाने राहिली. पुढे विश्वकर्म्याने सूर्याचे तेज कातून कमी केले, तेव्हा ते सुसह्य झाले. याहून प्राचीन असा संदर्भ ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ८५व्या सूक्तात आहे. तेथे सूर्या ही सवित्याची कन्या असून सोमाशी तिचा विवाह वर्णिला आहे.

या सर्व कथांत सूर्याच्या घरातील स्त्री एक काम करते. दूरच्या, दाहक तेजाला ती नात्यात आणते. कन्या, पत्नी, सून, माता अशा नात्यांनी सूर्याचे एक घर उभे राहते. ज्याला घर आहे, त्याला घरी बोलावता येते. आदित्यराणूबाईच्या वशाची मूळ कल्पना ही आहे. तथापि राणूबाई म्हणजे केवळ राज्ञीचा अपभ्रंश, असे म्हणून थांबल्यास देवीचे नाव तेवढे उलगडते. तिची उपासना अभ्यासावाचून राहते.

३. वशाचा विधी

कहाणीत सांगितलेला विधी अल्पखर्चाचा आहे. श्रावणातील पहिल्या आदितवारी पहाटे मौनाने उठून स्नान करावे. विड्याच्या पानावर रक्तचंदनाने आदित्यराणूबाई काढावी. सहा रेघांचे मंडल करावे. सहा सुतांचा तातू करून त्याला सहा गाठी द्याव्यात. फुले, धूप आणि गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य एवढीच सामग्री पुरते. हा क्रम सहा महिने चालतो व माघातील रथसप्तमीला संपूर्ण होतो. त्या दिवशी गुळाच्या पोळ्या, बोटव्यांची खीर असा स्वयंपाक करून मेहुणाला जेवू घालावे, असे सांगितले आहे.

सहा या संख्येची आवृत्ती सहा महिन्यांच्या काळाशी जुळते. दक्षिणायनातील पावसाळी श्रावणात, सूर्य ढगांआड असताना वसा घ्यायचा आणि उत्तरायणात, रथसप्तमीला, तो पूर्ण करायचा. सूर्याची अनुपस्थिती ते उपस्थिती असा हा प्रवास आहे. या विधीत सोवळ्याचे अवडंबर नाही, होमहवन नाही आणि तो करण्यासाठी पुरोहिताचीही गरज नाही. मात्र एक गोष्ट एकट्याने करता येत नाही. ती म्हणजे कहाणी.

४. दोन बहिणी

वशाच्या प्रभावाने ब्राह्मणाचे दारिद्र्य फिटते. त्याच्या दोन मुलींपैकी एक राजाला व दुसरी प्रधानाला दिली जाते. काही काळाने बाप मुलींच्या समाचारासाठी निघतो. राणी झालेली मुलगी पाय धुवायला पाणी देते, बसायला पाट देते, गूळपाणी पुढे करते. बाप म्हणतो, आधी माझी कहाणी ऐक. राजा शिकारीला निघाला आहे, जेवणाला उशीर होईल, या कारणाने ती नकार देते. बाप दुसऱ्या मुलीकडे जातो. ती कहाणी ऐकते. पुढे राणीचे राज्य जाते. प्रधानाच्या घरी समृद्धी नांदते.

येथे राणीचा अपराध नेमका कोणता, हे पाहणे आवश्यक आहे. तिने आतिथ्यात कसूर केलेली नाही. देवाची निंदा केलेली नाही. तिने केवळ ऐकण्यासाठी वेळ काढला नाही. शिवाय तिने दिलेले कारण अप्रामाणिक नाही. गृहिणीच्या वाट्याला येणारे ते खरेखुरे काम आहे. एवढ्या लहान कृतीला एवढी मोठी शिक्षा का, हा प्रश्न आधुनिक वाचकाला पडतो. त्याचे उत्तर आटपाट नगराच्या व्यवस्थेत आहे. वशाचे ज्ञान तेथे तोंडातून कानात जाते. ते टिकण्याचा दुसरा मार्ग नाही. ज्या घरात ऐकले गेले नाही, त्या घरापुरती देवी नाहीशी होते.

राज्य गमावलेली राणी आपल्या मुलांना आदितवारी मावशीकडे पाठवते. मावशी कोहळा पोखरून, काठी पोखरून त्यांत मोहरा भरून देते. परंतु सूर्यनारायण निरनिराळी रूपे घेऊन वाटेतच त्या काढून घेतो. बहिणीची संपत्ती वस्तूंच्या रूपाने हस्तांतरित होऊ शकत नाही. अखेर राणी स्वतः बहिणीकडे जाते, कहाणी ऐकते, वसा घेते आणि तिचे दिवस पालटतात. जी गोष्ट मोहरांनी झाली नाही, ती ऐकण्याने झाली.

५. वाटेवरचे श्रोते

कहाणीचा उत्तरार्ध या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. राजाबरोबर परत जाताना राणीला मुक्कामावर जेवण्यापूर्वी कहाणी सांगायची असते. त्यासाठी उपाशी मनुष्य हवा. शोध घेतला जातो. पहिल्या मुक्कामावर मोळीविक्या भेटतो. राणी सहा मोत्ये घेते, तीन स्वतः ठेवते, तीन त्याला देते, मनोभावे कहाणी सांगते आणि तो ती मनोभावे ऐकतो. त्याची लाकडाची मोळी सोन्याची होते. पुढे मळा वाळलेला माळी भेटतो. त्याच्या मळ्याला पाणी लागते. मुले गमावलेली म्हातारी भेटते. तिची मुले परत येतात. हातपाय नसलेला, मांसाच्या गोळ्यासारखा मनुष्य भेटतो. त्याला अवयव येतात. कहाणी ऐकल्याचेच जर हे फळ, तर वसा घेतल्याचे फळ केवढे असेल, असा विचार करून प्रत्येक श्रोता पुढे उपासक होतो.

आदित्यराणूबाईच्या उपासकांची ही यादी लक्षणीय आहे. त्यात सरदार नाही, सावकार नाही. श्रमिक, शेतकरी, निराधार वृद्धा व अपंग अशा क्रमाने ती वाढत जाते. जी राणी पूर्वी स्वतःच्या बापाचे ऐकण्यास तयार नव्हती, तिला आता अनोळखी, उपाशी माणसाचा कान मिळाल्याखेरीज घास घेता येत नाही. मोत्यांची वाटणी हे या संबंधाचे चिन्ह आहे. सांगणारीला तीन आणि ऐकणाऱ्याला तीन. म्हणजे कहाणीत दोघांचा वाटा सारखा आहे.

शेवटच्या मुक्कामावर, स्वतःच्या घरी, सूर्यनारायण पाहुणा म्हणून जेवायला येतो. पहिल्याच घासाला त्याला केस लागतो. दारिद्र्याच्या काळात राणीने आदितवारी वळचणीखाली बसून केस विंचरले होते, हा त्यामागचा दोष सांगितला जातो व त्याचे निवारणही सूर्यच सुचवतो. जगाला प्रकाश देणारा देव येथे चुलीजवळ, पानावर बसलेला आहे. त्याचा कोप अन्नातील केसाएवढ्या घरगुती कारणाने होतो आणि घरगुती उपायाने शमतो.

६. कथानकात नसलेली देवी

या संपूर्ण कथानकात आदित्यराणूबाई स्वतः कोठेही प्रकट होत नाही. रूपे घेतो तो सूर्य, मोहरा काढून घेतो तो सूर्य, जेवायला येतो तोही सूर्य. देवी आहे ती केवळ पानावरील रक्तचंदनात आणि वशाच्या नावात. परिणामी, केवळ कथानकाकडे पाहणाऱ्याच्या हातून ती सहज निसटते. सी. ए. किंकेड यांनी या कहाण्यांचे इंग्रजी रूपांतर १९१४ साली प्रसिद्ध केले. त्यातील चित्रे एम. व्ही. धुरंधर यांची आहेत. त्या संग्रहात ही कहाणी ‘रविवारची कथा’ म्हणून आरंभीच येते. तेथे वसा सूर्याचा आहे आणि रक्तचंदनाने काढायचे चित्रही सूर्याचे आहे. वशाच्या वर्णनातून राणूबाईचे नाव गळले आहे. संग्रहाच्या शीर्षकाने या कथांना बालकथांचे स्वरूप दिले. देवी गेली, त्याबरोबर उपाशी श्रोत्याच्या जागी बालवाचक आला. संहितेतील घटना जवळपास जशाच्या तशा राहूनही उपासना हरवू शकते, याचे हे उदाहरण आहे.

७. पाहुणी म्हणून येणारी राणूबाई

कहाणीत अदृश्य असलेली ही देवी शेजारच्या लोकपरंपरांत मात्र सदेह पाहुणी म्हणून येते. खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते. कानबाईबरोबर राणूबाईचेही नाव घेतले जाते. महिना श्रावण आणि वार रविवार, हा योग आदित्यराणूबाईच्या वशाशी जुळणारा आहे. नारळाला नथ व दागिने घालून देवीचे रूप देतात. घरातील माणसांच्या नावाने मुठी मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट केले जातात. दूरगावी गेलेले भाऊबंद एकत्र येतात. रात्रभर अहिराणी गाण्यांचे जागरण होते आणि सोमवारी देवीला वाजतगाजत निरोप दिला जातो. देवी एका रात्रीची पाहुणी असते.

निमाडात चैत्रातील गणगौर उत्सवात रनुबाई व धणियर राजा यांची जोडी पूजली जाते. धणियर म्हणजे सूर्य, असे तेथे मानतात. एका प्रसिद्ध निमाडी गीतात ही देवी पतीकडे शुक्रताऱ्याची टिकली, विजेची किनार आणि नऊ लाख ताऱ्यांची चोळी मागते. सौराष्ट्रात सूर्यपत्नी रांदल किंवा रन्नादे हिला विवाह, सीमंत अशा मंगलप्रसंगी घरी ‘तेडतात’, म्हणजे बोलावून आणतात. लोट्यांवर देवीची रूपे सजवली जातात, गोरण्यांना जेवू घातले जाते आणि रात्री घोड्याच्या चालीचे नृत्य होते. संज्ञेच्या अश्वरूपाच्या कथेशी या नृत्याचा मेळ बसतो.

कोकणातही सूर्योपासनेत स्त्रीचे स्थान दिसते. राजापूर तालुक्यातील कशेळी येथील कनकादित्य मंदिराला शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ सालचा ताम्रपट लाभला आहे. समुद्रकिनाऱ्यावरील गुहेत राहिलेली सूर्यमूर्ती कनका नावाच्या स्त्रीला दृष्टांत होऊन मिळाली, तिच्या नावावरून देवाला कनकादित्य म्हणतात, अशी स्थानिक आख्यायिका आहे. येथे देवच भक्त स्त्रीच्या नावाने ओळखला जातो.

या सर्व परंपरांत एक सूत्र समान आहे. सूर्यपत्नी आपण होऊन येत नाही. तिला बोलावणारे, तिच्यासाठी जागणारे, गाणारे व ऐकणारे लोक जमावे लागतात. कहाणीतील उपाशी श्रोता आणि खानदेशातील जागरणाला जमलेले भाऊबंद यांत फरक एवढाच, की पहिला अनोळखी असतो व दुसरे रक्ताचे असतात.

जपानच्या पुराकथेशी येथे तुलना करता येते. इ. स. ७१२ मध्ये सिद्ध झालेल्या ‘कोजिकी’ या ग्रंथात अमातेरासू रुष्ट होऊन गुहेत जाते व जग अंधारते. देवता गुहेबाहेर जमतात, उझुमे नृत्य करते, सर्व हसतात आणि त्या हास्याने कुतूहल वाटून अमातेरासू गुहेचे दार किलकिले करते. अमातेरासू स्वतःच सूर्य आहे आणि राणूबाई सूर्याच्या घरची स्त्री. हा भेद महत्त्वाचा आहे. तथापि प्रकाश परत येण्यासाठी समूह जमावा लागतो, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

८. बदललेली परिस्थिती आणि अभ्यासाचे प्रश्न

मनोरीच्या खाडीपासून मुलुंडपर्यंत पसरलेल्या मुंबईच्या उपनगरांत या परंपरा आज एकमेकींच्या शेजारी नांदतात. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील गुजराती कुटुंबांत रांदल तेडली जाते. खानदेशातून आलेली कुटुंबे कानबाईसाठी एकतर गावी जातात किंवा येथेच स्थापना करतात. कार्तिकात जुहूच्या किनाऱ्यावर उत्तर भारतीय स्त्रिया छठीमैयेचे व्रत करून मावळत्या व उगवत्या सूर्याला अर्घ्य देतात. छठीमैया ही सूर्याची बहीण मानली जाते. म्हणजे सूर्याची पत्नी आणि सूर्याची बहीण, दोन्ही या महानगराच्या उपनगरांत आहेत.

आदित्यराणूबाईची स्थिती मात्र वेगळी आहे. तिची कहाणी छापील पोथीत आहे, ध्वनिमुद्रित स्वरूपातही उपलब्ध आहे. संहिता सुरक्षित आहे. परंतु पोथी एकटीने वाचता येते आणि ध्वनिफीत स्वयंपाक करताना लावून ठेवता येते. दोन्ही प्रकारांत कहाणी पूर्ण होते. तीन मोत्ये ज्याला द्यायची, तो श्रोता मात्र तेथे नसतो. राणीने बापाला दिलेले कारण, म्हणजे वेळ नाही, हे आज बहुतेक घरांतील वास्तव आहे. त्यासाठी नोकरी करणाऱ्या स्त्रीला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या घरात ऐकण्याची जबाबदारी पूर्वीही स्त्रीवरच होती, त्या घरातील इतरांनी कधी कान दिला का, हा प्रश्न अधिक योग्य आहे. कहाणीतील पहिला व्रतस्थ पुरुष आहे आणि तीत मोळीविक्या व माळी हे श्रोतेही पुरुष आहेत, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.

अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक मुद्दा निघतो. डॉ. सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीने केलेल्या कार्यामुळे मराठी लोकसाहित्याचा मोठा साठा शब्दबद्ध झाला. महाविद्यालयीन प्रकल्पांतही विद्यार्थी घरातील वृद्धांकडून कहाण्या व गाणी उतरवून घेतात. अशा संकलनात संहितेबरोबर पुढील नोंदी असाव्यात : कहाणी कोणी कोणाला सांगितली, त्या वेळी उपाशी कोण होते, ऐकणाऱ्याने हातात काय धरले, हुंकार कोणी दिला, कहाणी कोठे थांबवली गेली. मुद्रित पोथीत नसलेली माहिती हीच आहे आणि सांगणाऱ्यांची पिढी गेल्यानंतर ती मिळणार नाही.

समारोप

आदित्यराणूबाई ही सूर्याची पत्नी म्हणून पुराणांशी, पाहुणी म्हणून खानदेश-निमाड-सौराष्ट्राच्या लोकपरंपरेशी आणि वशाची देवता म्हणून मराठी कहाणीशी जोडलेली आहे. कहाणीच्या विश्वात तिला मंदिर नाही, पराक्रम नाही, संवादही नाही. एका माणसाने दुसऱ्याला मनोभावे सांगावे व दुसऱ्याने मनोभावे ऐकावे, एवढ्यावरच तिचे अस्तित्व अवलंबून आहे. म्हणून तिच्या उपासनेचा अभ्यास करताना श्रोत्याला संहितेचा भाग मानणे आवश्यक आहे. श्रोत्याची नोंद झाली नाही, तर पोथीत सूर्याची एक चमत्कारकथा उरेल. राणूबाई त्यात असणार नाही.